कडुनिंबाचा काठ

आमच्या घरात फुलापानांना कधी तोटा नव्हता, आणि अंगणात म्हणाल तर तुळशीपलीकडे काडीभर हिरवं नव्हतं. सोलापूरच्या उन्हात दुसरं जगणार तरी काय? फुलंपानं होती ती सगळी कागदावर. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, लुगड्यांच्या काठांची नक्षी काढत. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीच्या उजेडाशी त्यांची बैठक असे. आधी साध्या कागदावर बोरूनं रेघ, मग तीच नक्षी बारीक चौकटींच्या कागदावर. एक चौकट म्हणजे मागावरचा एक धागा. कोयऱ्या, हंस, कमळं, रुईची फुलं. तेलुगू मागवाले ते कागद घेऊन जायचे आणि काही दिवसांनी आमचीच कोयरी कुण्या बाईच्या पायाशी हेलकावे खात रस्त्यानं जाताना दिसायची. "ती बघ आपली," असं आई हळूच म्हणायची. बाई कोण, कुठली, कशी दिसते, याच्याशी आम्हाला कर्तव्य नसे, आमची नजर कायम लोकांच्या घोट्यांवर. आजही टीव्हीवर कुणी पुढारीणबाई दिसल्या की मी आधी काठ बघते, मग त्या काय बोलतात ते. सून हसते. हसू दे.

पहाटे गिरणीचा भोंगा व्हायचा. मग आई चूल पेटवायची आणि भाकरी थापल्याचा आवाज आणि लांबून येणारी मागांची खटखट एकमेकांत मिसळायची. झोपेत मला कळायचं नाही कुठला कुठला ते. आप्पा गरम भाकरी, शेंगाची चटणी आणि वर तेलाची धार असं खाऊन राखेनं हात घासून धुवायचे, नखं उजेडात धरून बघायचे आणि मगच बोरूला हात लावायचे. मला मात्र त्या बोरूला शिवायची बंदी होती. का, तर मी मुलगी. माझी आत्या म्हणे आप्पांइतकीच सुरेख नक्षी काढायची. तिचं लग्न झालं आणि माहेरच्या सगळ्या कोयऱ्या, सगळे हंस तिच्याबरोबर सासरी गेले. सासरच्यांनी तीच नक्षी आमच्याच गिऱ्हाइकांना नेऊन दिली. आजोबांनी हाय खाल्ली. तेव्हापासून घरात नियमच झाला, पोरीच्या हातात बोरू द्यायचा नाही. आईला तर या नियमाचा आप्पांहून जास्त धाक. "गोदे, तिकडं फिरकू नको, हिकडं ये, पीठ मळ," हे मी ऊठसूट ऐकायची. मला भाऊ नव्हता. म्हणजे आप्पांचा हात आप्पांबरोबरच संपणार होता, आणि त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नसे.

आमच्या भिंतीला भिंत लागून कासिमचाचांचा फोटोचा स्टुडिओ होता. तिथं माणसांच्या मागे लावायचा एक रंगवलेला पडदा होता. काय वर्णू तो पडदा! निळंशार तळं, त्यात माना वळवलेले हंस, संगमरवरी पायऱ्या आणि कोबीच्या गड्ड्याएवढाले गुलाब. सांगोल्याकडची दुष्काळातली माणसं लग्नाचा फोटो काढायला यायची, पायांना घोट्यापर्यंत धूळ, आणि त्या तळ्याच्या कडेला छाती काढून उभी राहायची. एका म्हातारीनं तर फोटो झाल्यावर वळून पडद्याला हात जोडले. पाणी होतं ना ते! चाचा पोटापुरते असले फोटो काढत, पण त्यांचा जीव वेगळ्याच गोष्टींत. फावल्या वेळी कॅमेरा घेऊन सिद्धेश्वराच्या तळ्यावर जायचे, कमळांचे फोटो काढायचे, माळावरच्या बाभळीचे काढायचे. ते कुणी विकत घेत नसे. मग ते आप्पांना दाखवायला आणायचे, आणि चहाबरोबर दोघांची जुंपायची.

"देखो तो सही, आप्पा. अल्ला मियाँ के हात की चीज है."

"व्हय, पण किती इस्कटलंय! हे कमळ हिकडं कललंय, त्या पानाला भोक पडलंय. देवानं घाईत केलंय सगळं, कासिमभाई. त्याला लई कामं हुती. आपल्याला सवड हाय, आपण नीट करायचं. नक्षीत हरेक पानाला जोडीदार पायजे."

"फोटू में जो है सो है. तुमारी कोयरी कौनसे झाड कू लगती जी?"

आप्पांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. "ज्या झाडाला लागायला पायजे हुती त्या झाडाला!" मी आतल्या दाराआड बसून दोघांचं ऐकायची आणि मला दोघांचंही पटायचं. चाचांच्या फोटोतलं कमळ बघितलं की वाटायचं, खरंच असं असतं. आप्पांचं बघितलं की वाटायचं, असंच असायला हवं होतं.

त्या काळी फोटो छापायचे ते उन्हात. एक लाकडी चौकट, तिच्यात काच, काचेखाली फोटोची प्लेट आणि तिच्याखाली तो खास कागद. चौकट गच्चीवर उन्हात ठेवली की कागद हळूहळू जांभळट तपकिरी होत जायचा आणि त्यात माणूस उमटायचा. पण तो तसा टिकत नसे. चाचा म्हणायचे, "दवा के पानी में नै डाले तो कागज और देखते जाता, देखते जाता, आखिर काला पड जाता." आमची गच्ची आणि त्यांची गच्ची एकच, मध्ये नुसता गुडघ्याएवढा कठडा. चैत्रात आमच्या बाजूला आईच्या कुरडया आणि सांडगे वाळत घातलेले आणि त्यांच्या बाजूला नवरानवऱ्या वाळत घातलेल्या. मी दोन्हीकडचे कावळे हाकलायची. चाचा खूष झाले की त्या कागदाच्या कापून उरलेल्या पट्ट्या मला द्यायचे.

त्याच चैत्रात एका सकाळी नरसय्या शेठ आमच्याकडे आले. त्यांच्या घरी पुष्कळ माग होते आणि आप्पांचं बहुतेक काम त्यांचंच. एरवी आल्या आल्या "वैनी, चहा," म्हणणारा माणूस, त्या दिवशी उभ्या उभ्याच बोलला. "आप्पा, लुगडी परत यायलीत. बाया म्हणतात, हेच आईच्या अंगावर हुतं, हेच आजीच्या. मी तरी काय करू? अक्षय तृतीयेपत्तूर काय नवं काढा. न्हाय तर मला बाहेरून नक्षीवाला आणावा लागंल. राग मानू नका." आप्पांनी राग मानला नाही, तेच वाईट झालं. माझ्या मामानं आप्पांसाठी आधीच गिरणीत शब्द टाकून ठेवला होता, कापडाच्या ताग्यांवर शिक्के मारायचं काम. आई म्हणाली, "महिन्याच्या महिन्याला पगार तरी येईल." आप्पांनी तिच्याकडे असं काही बघितलं की ती आत निघून गेली. त्या दिवसापासून त्यांनी कागदामागून कागद काढले आणि फाडले. हंसाचा मोर केला, कोयरीला कोयरी जोडली, कमळ उलटं केलं. पण मलासुद्धा दिसत होतं, नाव बदललं तरी माणूस तोच होता. आप्पा भाकरी अर्धी टाकून उठायला लागले.

मग ते पान पडलं. गच्चीवर चाचांनी एका सावकाराचा फोटो उन्हात लावला होता, हा एवढा फेटा, ह्या एवढ्या मिश्या. मी कुरडया परतत होते. वारा सुटला आणि गल्लीच्या टोकाच्या कडुनिंबाचं एक कोवळं, तांबूस पान, दांडीसकट, भिरभिरत येऊन चौकटीच्या काचेवर बसलं. चाचांनी येऊन कागद काढला आणि कपाळावर हात मारला. सावकाराच्या थेट तोंडावर पांढरं पान! एका डोळ्यावरून निघून मिशीपर्यंत. "हाय अल्ला! सेठ कू पत्री चढ गई!" असं म्हणून ते इतके हसले की कठड्यावर बसावं लागलं. मीही हसले. पण हसता हसता थांबले. सावकार मेलेला दिसत होता आणि पान जिवंत.

मी धावत जाऊन तसलंच एक कोवळं पान आणलं. चाचांना म्हटलं, रिकामी चौकट द्या ना. माझ्याजवळच्या एका पट्टीवर पान ठेवलं, काच दाबून बसवली आणि उन्हात धरली. प्लेट नाही, माणूस नाही, कॅमेरा नाही. नुसतं ऊन, पान आणि कागद. कागद गडद होत गेला. मग सावलीत जाऊन मी काच उचलली, पान बाजूला केलं, आणि बाई गं! गडद जांभळ्या अंगावर पांढरट गुलाबी पान होतं. कोवळ्या पात्यांतून ऊन आरपार गेलेलं, त्यामुळे शिरासुद्धा उमटलेल्या, केसाहून बारीक. कडुनिंब मी जन्मल्यापासून बघत होते. पाडव्याला गुळाबरोबर तोंड वाकडं करून खात होते. पण तो बघितलाच नव्हता. त्याची पाती समोरासमोर नसतात, हे मला त्या क्षणी दिसलं. एक थोडं वर, दुसरं थोडं खाली. प्रत्येक पातं विळ्यासारखं एका अंगाला वाकलेलं, एक बाजू रुंद, एक चिंचोळी. कुणालाही नीट जोडीदार नाही, आणि तरी सगळं पान असं तोललेलं की कुठं बोट ठेवायला जागा नाही. मला रडूच आलं. का ते तेव्हा सांगता आलं नसतं. आज सांगते. इतकं सुंदर काहीतरी रोज पायाखाली पडत होतं आणि कुणी आम्हाला हाक मारून सांगितलं नव्हतं.

मी पट्टी परकराच्या घोळात गुंडाळून खाली आणली. "आप्पा, हे बघा." आप्पांनी आधी मान वर केली नाही. मग केली. मग पट्टी हातात घेतली आणि खोलीतला उजेड पुरेना म्हणून दारात उन्हात गेले. मी ओरडले, "आप्पा, उन्हात नको!" पण त्यांना ऐकूच गेलं नाही. ते बघत होते. डोळ्यांपाशी नेऊन, लांब धरून, तिरकी करून. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पान मावळायला लागलं. पांढऱ्याचं गुलाबी, गुलाबीचं तपकिरी. "अगं, हे चाललं! गोदे, चाललं की हे!" असं ओरडत आप्पा, डोक्याला टोपी नाही, पायात वहाण नाही, तसेच चाचांच्या दारात धावले. फोटोला नावं ठेवणारा माणूस! "कासिमभाई, धरा! धरा त्याला!" चाचा बाहेर येईपर्यंत पट्टी काळीठिक्कर पडलेली. पण चाचा लाख माणूस. त्यांनी एका शब्दानं टोमणा मारला नाही. मला म्हणाले, "जा बेटा, और पत्ते ला." आणि त्या दुपारी त्यांनी गिऱ्हाइकाला माघारी पाठवून आमच्यासाठी पानं छापली, औषधाच्या पाण्यात घालून पक्की केली आणि दोरीवर वाळत टाकली. आप्पा त्या ओल्या पानांखाली उभे होते आणि पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "घाईत न्हाय केलं. हे घाईत न्हाय केलं."

आता वाटेल, झालं, नक्षी मिळाली. कसलं काय! दुसऱ्या सकाळी आप्पा छापलेलं पान समोर ठेवून बसले, रेघ ओढली, आणि कागदावर उमटली ती पात्यांची समोरासमोर जोडी. पुन्हा काढलं, पुन्हा जोडी. एक पातं खाली घ्यायचं म्हणून घेत आणि दुसरं आपोआप त्याच्या बरोबरीला येऊन बसे. वाकडं पातं सरळ होई, चिंचोळी बाजू रुंद होई. डोळ्याला दिसत होतं, पण हात दुरुस्त करत होता. आयुष्यभर ज्या हातानं देवाची घाई निस्तरली त्याला आता थांब म्हटलं तर थांबेना. आप्पांनी डावा हातही वापरून बघितला. अक्षय तृतीया जवळ येत होती. शेवटी एका सकाळी त्यांनी बोरू खाली ठेवला, भिंतीला टेकले आणि म्हणाले, "मामाला निरोप दे. येतो म्हणावं गिरणीत." त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

मी उंबऱ्यापाशी तांदूळ निवडत होते. सुपात सांडलेल्या कोंड्यावर माझं बोट आपलं चाललेलं, पानाची दांडी, एक पातं वर, एक खाली. मला भानही नव्हतं. आप्पा कधी उठून मागे आले कळलं नाही. त्यांनी माझं मनगट धरलं. मला वाटलं, आता मार बसतो. त्यांनी मला बैठकीवर नेऊन बसवलं, बोरू शाईत बुडवला आणि माझ्या हातात दिला.

आई आतून धावली. "अवो, काय करताय काय! वन्संचं इसरलात व्हय?"

"न्हाय इसरलो," आप्पा म्हणाले. "पण माझा हात शिकलेला हाय. शिकलेल्या हाताला आता चुकता येईना. हिचा अजून कोरा हाय. काढ गं तू. दिसंल तसं काढ. नीट करू नको."

मी काढलं. बोरू जास्त दाबला म्हणून पहिलं पातं फाटलंच. मग हात हलका केला. आप्पा शेजारी बसून नुसते बघत होते, आणि माझा हात जोडी जुळवायला गेला की हलकेच म्हणत, "आँ, आँ, नीट व्हायलंय." जगात दुसऱ्या कुठल्या बापानं लेकीला असं टोकलं असेल असं मला वाटत नाही. पान झालं, त्याच्यापुढे दुसरं, पहिल्याच्या टोकाला दुसऱ्याची दांडी. मग चौकटींचा कागद आप्पांनी घेतला. कुठला धागा उचलायचा, कुठला सोडायचा, ते त्यांचंच काम, ते मला अजून कितीतरी वर्षं येणार नव्हतं.

नरसय्या शेठनी कागद बघितला आणि तोंड वाकडं केलं. "आप्पा, हे तर वाकडं हाय." आप्पा म्हणाले, "एक लुगडं विणा. माझ्या शब्दाखातर." त्यांनी विणलं, आणि मागावरून उतरल्यावर आम्हाला बोलावणं आलं. आप्पांनी मलाही बरोबर घेतलं. त्यांच्या घरी एक रीत होती. नवा काठ कधी पसरून बघत नसत. शेठच्या आई, त्यांना सगळे अव्वा म्हणत, ते लुगडं नेसून अंगणात चालायच्या आणि घरचे कडेला बसून बघायचे. काठ हा बाईच्या पायाशी राहायचा असतो, मग तो तिथंच बघायला नको का? अव्वा आतून आल्या. वाळलेल्या, ताठ, नाकात मोठी नथनी. लुगडं गर्द हिरवं, काठ लाल, आणि त्यावर पिवळ्या रेशमात माझी पानं. त्या चालायला लागल्या. पहिल्या पावलाला मला काही दिसलं नाही, डोळेच भरलेले. मग दिसलं. आप्पांचे हंस कायम जागच्या जागी उभे असायचे. बाई चालायची, हंस तिच्याबरोबर ओढले जायचे. ही पानं स्वतः निघाली होती. एक वर, एक खाली, एक वर, एक खाली, वाऱ्यावर हलावीत तशी घोट्याभोवती पळत होती. आतले माग थांबवून माणसं दारात आली. अव्वांनी खाली आपल्याच पायांकडे बघितलं, थांबल्या, पुन्हा दोन पावलं चालल्या, आणि लहान पोरीसारख्या हसून म्हणाल्या, "नडुस्तुंदि रा!" चालतंय रे हे!

नरसय्या शेठनी खाली बसून काठ हातात घेऊन निरखला. मग म्हणाले, "आप्पा, मी तुमचा हात वळखतो. हा तुमचा न्हाय. कुणाला ठेवला?"

आप्पांनी 'माझाच' म्हटलं असतं तर तिथंच सगळं भागलं असतं. काम मिळालं असतं, गिरणी टळली असती, आणि मी गुमान घरात बसून त्यांच्या नावानं काढत राहिले असते. माझीही तीच अपेक्षा होती. मी खाली बघत होते. आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "हिचा."

शेठ उठून उभे राहिले. "पोरीचा? आप्पा, तुमच्या भैनीचं सगळ्या पेठेला ठाऊक हाय. उद्या ही बी लगीन हून जाईल. नक्षी घेऊन जाईल. मग?"

"जाईल तितं काढंल की," आप्पा म्हणाले. "पान काय माझ्या घरचं हाय व्हय?"

अव्वांना मराठी पुरतं कळत नसे, त्यांनी लेकाला विचारलं, लेकानं तेलुगूत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, माझ्याजवळ आल्या, माझा उजवा हात उलटासुलटा करून बघितला, त्यावर शाई होती, आणि शेठना दोन शब्द काहीतरी दरडावून सांगितले. मला ते कळले नाहीत. शेठ म्हणाले, "बरं, बरं. दुसरं काय काढतीय ती? बाभळ येती का?"

आम्ही दोघं घरी आलो. आई परातीत पीठ घेऊन बसली होती, पण चूल पेटवलेली नव्हती. तिनं आमच्या तोंडाकडे बघितलं. आप्पा म्हणाले, "घेतला काठ. पोरीच्या नावानं घेतला." आणि वहाणा काढायला बाहेर गेले. मी रोजच्यासारखी बाह्या सारून परातीशी बसले, पिठात हात घातला. आई माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता वन्संचं काढणार, आता ओरडणार. तिनं परात माझ्यापुढून स्वतःकडे ओढली, माझे दोन्ही हात धरून त्यांचं पीठ आपल्या पदरानं पुसलं, बोटं एकेक करून, आणि म्हणाली, "हो बाजूला. तिकडं बस जा खिडकीशी. उजेड हाय तवर काढ."